शाळिग्राम, लाजवर्द आणि भूकंप

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेले भाषण)



महोत्सवाच्या निमित्ताने एखादा हलकाफुलका विषय घ्यावा, अशी कार्यकारिणीची सूचना होती. आम्ही दगडांचा विषय घेतला. तो हलका नाही, हे मान्य. परंतु डेहराडूनसारख्या गावी इतकी वर्षे राहून, खिडकी उघडताच मसुरीचा डोंगर समोर दिसत असता, त्याची साधी विचारपूसही आपण केली नाही, तर ते शेजारधर्मास सोडून होईल.

प्रारंभ देवघरापासून करू. आपल्यापैकी अनेकांच्या घरी शाळिग्राम आहे. कोकणातून किंवा देशावरून इकडे बदली झाली, तेव्हा वाडवडिलांनी भांड्याकुंड्यांच्या आधी तो मऊ वस्त्रात गुंडाळून ट्रंकेत ठेवला असेल. वस्तुतः हा दगड मूळचा हिमालयाकडचाच. नेपाळातील काली गंडकी नदीच्या पात्रात, मुक्तिनाथाच्या परिसरात तो सापडतो. यात्रेकरूंच्या झोळीतून तो सह्याद्रीपलीकडे गेला, तुळशीच्या लग्नात नवरदेव झाला, आणि आता आपल्या नोकरीच्या निमित्ताने पुन्हा हिमालयाच्या पायथ्याशी आला आहे. त्याच्या अंगावरील चक्र वज्रकीट नावाच्या किड्याने कोरले, असे आपल्या परंपरेत सांगतात. भूशास्त्रज्ञ त्याच चक्राला अॅमोनाइट म्हणतात. हा समुद्रात राहणारा, गुंडाळलेल्या शंखाचा प्राणी. सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वी तो मेला, तळाच्या काळ्या चिखलात रुतला, आणि चिखलाबरोबर दगड झाला. दोन्ही स्पष्टीकरणांत एक गोष्ट समान आहे, ती म्हणजे हे काम कोणा सजीवाचे आहे. डोंगरातल्या दगडावर प्राण्याची खूण आहे, हे आपल्या पूर्वजांनी अचूक हेरले होते, याचे आम्हांस नेहमी कौतुक वाटत आले आहे.

मग समुद्रातला प्राणी तिबेटच्या उंबरठ्यावर कसा पोहोचला? समुद्र चढून गेला नाही. समुद्राचा तळच वर आला. भारत आणि आशिया यांच्यामध्ये एके काळी टेथिस नावाचा विस्तीर्ण समुद्र होता. भारताचा भूपट्ट दक्षिणेकडून उत्तरेस सरकत आला, समुद्र आटत गेला, आणि सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी दोन भूखंडांची गाठ पडली. मधला गाळ दुमडला, चिरडला, एकावर एक रचला गेला. एव्हरेस्टच्या अगदी माथ्यावरचा खडकही चुनखडीचाच आहे, आणि त्यात सुमारे ४५ कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रजीवांचे बारीक अवशेष आहेत.

येथे महाराष्ट्राचा थोडा अभिमान बाळगावयास हरकत नाही. ज्या वेळी सह्याद्रीचा काळा पाषाण तप्त लाव्हारसाच्या रूपाने वाहत होता, म्हणजे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, त्या वेळी भारत अजून विषुववृत्ताच्या दक्षिणेस, आजच्या रियुनियन बेटाच्या आसपास होता, आणि हिमालय नावाचा पर्वत अस्तित्वातच नव्हता. हिमालयातले दगड पुरातन आहेत, पण पर्वत तरुण आहे. रायगडाचा कडा त्याहून वडीलधारा.

पर्वताच्या पोटात काय आहे, याचा पहिला सुगावा मात्र दगडांनी दिला नाही, ओळंब्याने दिला. आणि त्या कथेचा या गावाशी संबंध आहे. एकोणिसाव्या शतकात भारताची मोजणी करणाऱ्या सर्वेक्षकांना कल्याणपूर आणि मुझफ्फरनगरजवळचे कलियाना या दोन ठाण्यांमधले अंतर जमिनीवर मोजून एक येत होते, आणि ताऱ्यांवरून काढून दुसरे. फरक कोनाच्या ५.२३६ सेकंदांचा. आपण असला फरक सोडून दिला असता. त्यांनी सोडला नाही. कलकत्त्याचे धर्मोपदेशक आणि गणिती प्रॅट यांनी हिशेब केला, की हिमालयाच्या प्रचंड वस्तुमानाने ओळंबा स्वतःकडे ओढला असणार. परंतु त्यांच्या गणिताने फरक १५ सेकंदांहून अधिक यावयास हवा होता. हिमालय दिसतो तितका ओढत नव्हता! १८५५ साली एअरी यांनी उलगडा सुचविला : पर्वताखाली हलक्या खडकाचे खोल मूळ आहे, आणि तो त्या मुळाच्या आधाराने, पाण्यावर हिमनग तरंगावा तसा, जड द्रव्यावर तरंगत आहे. गवंड्याच्या साध्या दोरीने पर्वताचे मूळ शोधून काढले.

पुढचे काम भूकंपांनी केले. १२ जून १८९७ रोजी आसामात महाभयंकर भूकंप झाला. शिलाँगमधील दगडी इमारती जवळजवळ सर्व कोसळल्या. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे ओल्डहॅम यांनी त्याचा सविस्तर अभ्यास केला आणि इटलीसारख्या दूरच्या देशातील यंत्रांवर उमटलेल्या नोंदी तपासल्या, तेव्हा एकाच धक्क्याच्या लाटा तीन प्रकारांनी, निरनिराळ्या वेगाने पोहोचतात, हे त्यांच्या ध्यानी आले. या मार्गाने पुढे जाऊन १९०६ साली त्यांनीच पृथ्वीला गाभा असल्याचे दाखविले. आसामने दिलेल्या धक्क्याने सबंध पृथ्वीचे अंतरंग उघडले, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

४ एप्रिल १९०५ चा कांगड्याचा भूकंप आपल्या अधिक जवळचा. सुमारे २० हजार माणसे त्यात दगावली, आणि कांगड्यापासून इतक्या दूर असूनही डेहराडून-मसुरी भागात नुकसानीचा दुसरा पट्टा आढळला. त्यानंतर झालेल्या मोजणीत मसुरीच्या मानाने डेहराडून सुमारे ५ इंचांनी उचलले गेल्याचे दिसले. या मोजणीविषयी पुढे शास्त्रज्ञांनी शंका घेतल्या आहेत. तो वाद येथे नको. परंतु २५ एप्रिल २०१५ रोजी नेपाळात जे घडले, ते उपग्रहांनी पाहिले आहे. त्यात सुमारे ९ हजार माणसे गेली. काठमांडूच्या आसपासची जमीन काही सेकंदांत जवळजवळ एक मीटर वर आली, आणि उत्तरेकडील उंच रांगा मात्र किंचित खचल्या. पर्वत घडतो तो असा. दोन धक्क्यांच्या मधल्या काळात उंच भाग हळूहळू फुगतो, आणि धक्क्याच्या वेळी दक्षिणेकडचा भाग एकदम पुढे व वर सरकतो. दिल्लीहून येताना मोहंडजवळ शिवालिकाच्या कड्यांत कललेले थर दिसतात. ती रेती आणि ते गोटे हिमालयातूनच नद्यांनी आणलेले. खाली अंथरले गेले, आणि मग त्यांचाही डोंगर झाला. आपले गाव या दोन डोंगरांच्या मधल्या खोलगट भागात, गोट्यांच्या जाड थरावर वसले आहे.

भारताचा भूपट्ट आजही वर्षाला ४ ते ५ सेंटिमीटर सरकत आहे. त्यांपैकी सुमारे २ सेंटिमीटर हिमालयाच्या वाट्याला येतात, म्हणजे आपली नखे वाढतात त्याहून कमी. हिशेब साधा आहे. कांगडा १९०५ आणि बिहार-नेपाळ १९३४ यांच्या मधल्या पट्ट्यात, म्हणजे गढवाल-कुमाऊँत, मोठा भूकंप झाला तो १ सप्टेंबर १८०३ रोजी. त्याने दिल्लीच्या कुतुबमिनाराचा वरचा घुमट पाडला. त्या वेळी दिल्ली दौलतराव शिंद्यांच्या ताब्यात होती. पुढे दहाच दिवसांनी पटपडगंजच्या लढाईत ती गेली. शिंद्यांच्या हातून दिल्ली गेल्याला दोनशेहून अधिक वर्षे लोटली, आणि तेवढ्या काळात या पट्ट्यात ४ मीटरांहून अधिक सरकणे साचले आहे. उत्तरकाशी १९९१ आणि चमोली १९९९ या भूकंपांनी त्यातले फार थोडे फेडले.

आता जरा पश्चिमेस जाऊ. रात्री जेवताना पंखा झुलू लागतो, शेजारी खाली उतरतात, आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात येते : केंद्र हिंदुकुशात. इतक्या लांबचा धक्का येथवर का जाणवतो, असे अनेकजण विचारतात. तेथील भूकंप फार खोल होतात. २६ ऑक्टोबर २०१५ चा सुमारे २०० किलोमीटर खोलीवर झाला. इतक्या खोलवर खडक उष्णतेने मऊ झालेला असावयास हवा, तो तुटणार कसा? म्हणजे तेथे एखादी थंड, ताठर शिळा पृथ्वीच्या पोटात बुडत असली पाहिजे. समुद्र आटताना आणि भूखंड भिडताना खाली ओढला गेलेला हा तुकडा आहे, असे बहुतेकांचे मत आहे. ज्याला कोणी पाहू शकत नाही, त्याचा ठावठिकाणा त्याच्या तुटण्याच्या आवाजावरून लागला.

या हिंदुकुशाच्या उत्तर अंगास बदख्शान प्रांत आहे, आणि तेथे कोकचा नदीच्या दरीत सर-ए-संग येथे निळ्या दगडाच्या खाणी आहेत. हाच लाजवर्द. संस्कृतात त्याला राजावर्त म्हणतात. चुनखडी भूगर्भात तापून तिचा संगमरवर होताना हा निळा दगड तयार होतो. पर्वत उचलला गेला, नदीने तो कापला, आणि निळी शीर माणसाच्या हाताशी आली. असा दगड जगात मोजक्याच ठिकाणी मिळतो. म्हणूनच तो सापडला की त्याचा प्रवास ओळखता येतो. बोलन खिंडीच्या पायथ्याशी मेहरगढ येथे सात हजार वर्षांहून जुन्या थडग्यांत त्याचे मणी मिळाले. हडप्पा संस्कृतीच्या लोकांनी तर या खाणींच्या वाटेवर, ऑक्सस नदीकाठी शोर्तुगाई येथे, आपल्या मूळ प्रदेशापासून शेकडो किलोमीटर दूर वसाहत केली होती. गेंड्याचे चित्र असलेली मुद्रा तेथे सापडली आहे. गेंडा त्या बाजूचा नव्हे. गावची आठवण माणसे अशी बरोबर नेतात. पन्नास वर्षांपूर्वी चार कुटुंबांनी मिळून येथे पहिला गणपती बसविला, त्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही.

इराकमधील उर या नगरीची राजथडगी लिओनार्ड वूली यांनी १९२० च्या दशकात खणली. साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या त्या थडग्यांत निळ्या लाजवर्दाच्या मण्यांशेजारी तांबड्या अकीकाचे मणी ओवलेले आहेत. त्यांतले लांब, नळीसारखे मणी ही हडप्पाच्या कारागिरांची खास करामत. असा एक मणी भोकण्यास अनेक दिवस लागत. अकीकाचा मोठा साठा गुजरातेत, नर्मदेच्या खालच्या खोऱ्यात रतनपूरला. तो तयार झाला कोठे? दख्खनच्या काळ्या पाषाणातील पोकळ्यांत. लाव्हा थंड होताना वायूचे बुडबुडे राहिले, त्यांत पुढे गारेचे द्रव्य थराथराने साचले, खडक झिजल्यावर ते गोटे नद्यांनी बाहेर आणले, आणि माणसाने ते मंद आचेवर भाजून लाल केले. एकाच हारात दोन दगड : एक भूखंडांच्या टकरीने वर आणलेला, दुसरा आपल्या सह्याद्रीच्या जातभाईतून निघालेला. मेलुह्हाची जहाजे आपल्या धक्क्याला लागतात, असे अक्कदचा राजा सारगॉन शिलालेखात मिरवतो. मेलुह्हा म्हणजे सिंधूकाठचा प्रदेश, असे बहुसंख्य विद्वान मानतात. ती लिपी आपल्याला अजून वाचता येत नाही. त्या व्यापाऱ्यांचे एकही नाव आपल्याला ठाऊक नाही. दगड तेवढे साक्षीला उरले.

हे सर्व ऐकून गृहिणीवर्गातून रास्त प्रश्न येईल : मग आम्ही करावे काय? भूकंप कोणत्या दिवशी होणार, हे आज कोणीही सांगू शकत नाही, आणि सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. परंतु माणसे मरतात ती बहुतांशी घराखाली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीत आपली सुमारे १० हजार माणसे गेली. तो भूकंप हिमालयाच्या मानाने मध्यम होता. जाड दगडी भिंती मातीत रचलेल्या, आणि वर माळवदाचे ओझे. याउलट १८९७ नंतर आसामने धडा घेतला : लाकडी सांगाडा, बोरूच्या ताट्यांवर गिलावा, वर पत्रा. आणि आपल्या गढवालात, यमुनेच्या खोऱ्यात कोटी बनालसारख्या गावी दगडाच्या थरांत लाकडाच्या जाड तुळया आडव्या बांधून उभारलेली चार-चार मजल्यांची घरे शतकानुशतके उभी आहेत. १८०३ त्यांनी पाहिले आहे. आमच्या मते ती घरे बांधणारे गवंडी कोणत्याही भूकंपशास्त्रज्ञाइतकेच मानाचे आहेत.

मंडळाच्या नियोजित वास्तूचा आराखडा गेल्या बैठकीत सर्वांनी पाहिला. तळमजला मोटारींसाठी मोकळा, बारीक खांबांवर, आणि वर तीनशे माणसांचे सभागृह, असे त्यात आहे. असे मोकळे तळमजले भूकंपात प्रथम मोडतात. खांबांमध्ये भिंती घालाव्यात, चहूबाजूंनी पट्ट्या बांधाव्यात, गोट्यांच्या जमिनीची तपासणी करून घ्यावी. सभागृहात पन्नास खुर्च्या कमी बसल्या आणि मोटारी रस्त्यावर उभ्या राहिल्या तरी चालेल. कार्यकारिणीकडे आम्ही हे लेखी दिले आहे, आणि पुढील सभेत त्याचा विचार व्हावा, एवढी विनंती करून आपली रजा घेतो.