नगरपालिका, आरोग्य आणि आपला हक्क
(एका उपासक मंडळापुढे दिलेले व्याख्यान)



निमंत्रण घेऊन आलेल्या मंडळींनी मला विचारले, "वकीलसाहेब, आपण घटनेवर बोलणार की धर्मांतरावर?" मी म्हणालो, मी गटारावर बोलणार आहे. मंडळी थोडी नाराज झाली. परंतु गटार, नळ, शौचकूप, कचऱ्याची गाडी आणि दवाखाना या पाच गोष्टी ज्यांच्या वाट्याला सर्वांच्या शेवटी येतात, त्यांच्या नागरिकत्वाची त्या शहरात काय किंमत आहे, हे घटनेचे पुस्तक न उघडताही कळते. म्हणून आज हाच विषय.

आपल्यापैकी पुष्कळांची अशी समजूत आहे की, वस्तीत नळ आला म्हणजे नगरसेवकाने मेहेरबानी केली. नळावर त्याच्या नावाची पाटी असते, उद्घाटनाला हार घातले जातात, आणि आपणही हात जोडून उभे राहतो. कायद्याला ही समजूत मान्य नाही. मुंबई महानगरपालिकेचा कायदा 1888 सालचा आहे. त्याच्या 61 व्या कलमात पालिकेची बंधनकारक कर्तव्ये सांगितली आहेत व 63 व्या कलमात ऐच्छिक. गटारे बांधणे व ती साफ ठेवणे, सार्वजनिक शौचकूप, पाणीपुरवठा, मैला व केरकचरा उचलणे, रोगट जागा सुधारणे, जन्ममृत्यूची नोंद, घातक रोगांचा फैलाव रोखणे, लस टोचणे, रुग्णालये व दवाखाने चालविणे, ही सारी कामे 61 व्या कलमातील आहेत. ग्रंथालये, वस्तुसंग्रहालये इत्यादी गोष्टी ऐच्छिक आहेत. याचा अर्थ असा की, ग्रंथालयासाठी पालिकेला विनंती करावी लागते. गटारासाठी तिला तिच्या कर्तव्याची आठवण द्यावयाची असते. विनंतीचा अर्ज आणि आठवणीचा अर्ज यांची भाषा निराळी असली पाहिजे.

मुंबईबाहेरील महानगरपालिकांना 1949 सालचा कायदा लागू आहे. त्यात बंधनकारक कर्तव्ये 63 व्या कलमात असून ऐच्छिक कामे 66 व्या कलमात आहेत. नगरपालिका व नगरपंचायती यांना 1965 चा कायदा लागू असून त्यांची कर्तव्ये 49 व्या कलमात सापडतात. येथे एक सावधगिरी सुचवितो. 63 हा आकडा मुंबईत ऐच्छिक कामांचा आणि पुण्यात बंधनकारक कामांचा आहे. सबब अर्जात कलमाचा आकडा घालताना कायद्याचे नाव व सालही घाला. कारकुनाला अर्ज परत करण्यास एवढेसे निमित्त पुरते.

आता, ही कामे नीट होतात की नाही यावर देखरेख कोणाची? सर्वसाधारण मनुष्य म्हणतो, आयुक्तांची. हे उत्तर अर्धेच बरोबर आहे. आयुक्त हा राज्य सरकारने नेमलेला अधिकारी. आरोग्य खाते, डॉक्टर, निरीक्षक, सफाई कामगार हे सारे त्याच्या हाताखाली चालतात. परंतु त्याला पैसा कोणत्या कामासाठी द्यावयाचा आणि त्याने तो कसा खर्च केला, हे विचारण्याचा अधिकार निवडून आलेल्या सभागृहाचा व त्याच्या समित्यांचा आहे. मुंबईत सभागृहाची सार्वजनिक आरोग्य समिती नेमण्याची प्रथा आहे. ती दवाखान्यांची पाहणी करते, अधिकाऱ्यांना प्रश्न विचारते, शिफारसी करते. मात्र ती विशेष समिती आहे; तिजोरीची किल्ली तिच्या कमरेला नाही. ती स्थायी समितीजवळ असते. फेब्रुवारीच्या आरंभी आयुक्त अंदाजपत्रक मांडतात, तेव्हा कोणत्या विभागातील दवाखान्याला किती रक्कम मिळणार हे ठरू लागते. आपले लोक एप्रिलात मोर्चा काढतात. तोवर जेवणावळ उठलेली असते!

ज्या वस्तीचा प्रश्न आहे तिच्यासाठी प्रभाग समिती ही आणखी जवळची पायरी आहे. 1992 च्या 74 व्या घटनादुरुस्तीने, जी 1 जून 1993 पासून अमलात आली, मोठ्या शहरांत अशा समित्या आवश्यक केल्या. त्याच दुरुस्तीने घटनेला बारावी अनुसूची जोडली. तीत शहरांच्या संस्थांकडे सोपविता येतील असे 18 विषय असून सार्वजनिक आरोग्य व स्वच्छता हा त्यांतील एक आहे. समाजातील दुर्बल घटकांच्या हितांचे रक्षण हाही त्यांतीलच एक आहे. हे दोन विषय एकाच यादीत, थोड्याच अंतरावर लिहिलेले आहेत. वस्तीत मात्र ते एकमेकांना क्वचितच भेटतात.

नगरपालिकेचा ठराव म्हणजे काय आणि त्यावर पहारा का ठेवावा लागतो, हे आपल्या समाजाइतके दुसऱ्या कोणी अनुभवले नसेल. 4 ऑगस्ट 1923 रोजी मुंबई विधिमंडळात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला. सार्वजनिक पैशातून चालणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्यांना मोकळे असावेत, असा तो ठराव होता. त्यातील दवाखाने हा शब्द आपण विसरून जातो. 1924 साली महाड नगरपालिकेने त्याला अनुसरून चवदार तळे खुले केले. कागदावर तळे खुले झाले, पण ओंजळभर पाणी कोणी घेऊ शकले नाही. मार्च 1927 मध्ये बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली लोक तळ्यावर गेले, तेव्हा त्या कागदात प्राण आला. आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याच नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला! पुढे दावा चालला, आणि 1937 च्या मार्चमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला की, सवर्ण वादींनी सांगितलेली अनादि रूढी सिद्ध झालेली नाही. ठराव होऊन तेरा वर्षे लोटली होती. जे सभागृह ठराव करते तेच तो फिरवू शकते. म्हणून ठरावाच्या दिवशी पेढे वाटून घरी जाणे परवडत नाही.

आता पालिकेच्या नेहमीच्या सबबीकडे वळू. "निधी नाही." हे दोन शब्द मी वकिलीच्या आयुष्यात इतक्या वेळा ऐकले आहेत की, ते एखाद्या कलमात छापलेले असावेत अशी शंका यावी. या सबबीचे उत्तर 1980 सालीच मिळालेले आहे. मध्य प्रदेशातील रतलाम शहरात एका वॉर्डातील रहिवाशांच्या दारापुढून उघडे गटार वाहत होते. मद्याच्या कारखान्याचे घाण पाणी त्यात येई. शेजारच्या झोपडपट्टीत शौचकूप नसल्यामुळे तेथील लोकांना रस्त्याकडेलाच बसावे लागे. रहिवाशांनी दिवाणी दाव्याच्या फंदात न पडता फौजदारी प्रक्रिया संहितेच्या 133 व्या कलमाखाली दंडाधिकाऱ्याकडे तक्रार केली. दंडाधिकाऱ्याने नगरपालिकेला उपाययोजना करण्याचा हुकूम दिला. सत्र न्यायालयाने तो रद्द केला, उच्च न्यायालयाने तो पुन्हा कायम केला, आणि नगरपालिका सर्वोच्च न्यायालयात गेली. तेथे तिने काय सांगावे? एक, पैसा नाही. दोन, हे लोक सोयी नाहीत हे पाहूनच तेथे राहावयास गेले. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या निकालाने दोन्ही सबबी फेटाळल्या. कायद्याने लादलेले सार्वजनिक आरोग्याचे कर्तव्य पैशाच्या अभावाचे कारण सांगून टाळता येत नाही, हे त्या निकालाचे सार आहे. झोपडीत राहणाऱ्यांना उघड्यावर बसण्याची पाळी आली, याचा दोष न्यायालयाने त्यांच्या माथी मारला नाही, हे मला त्या निकालातील सर्वांत मोलाचे वाटते. ते 133 वे कलम 1 जुलै 2024 पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेत 152 वे झाले आहे. आकडा बदलला, हत्यार तेच आहे.

दुसरा निकाल मुंबईचाच आहे. 2000 सालानंतर उभ्या राहिलेल्या झोपड्या अनधिकृत, म्हणून त्यांना पाणी नाही, असे महानगरपालिकेचे धोरण होते. पाणी हक्क समिती उच्च न्यायालयात गेली, आणि डिसेंबर 2014 मध्ये न्यायालयाने सांगितले की, पाणी हा घटनेच्या 21 व्या कलमातील जीविताच्या हक्काचा भाग असून घर अनधिकृत आहे एवढ्यावरून तो सर्वस्वी नाकारता येणार नाही. त्या निकालाची मर्यादाही सांगतो, कारण पक्षकाराला अर्धा निकाल सांगणे हा माझा धर्म नव्हे. अधिकृत घरांप्रमाणेच घरोघर जोडणी द्या, असे न्यायालयाने म्हटलेले नाही. पाणी कोणत्या रीतीने द्यावयाचे ते पालिकेने ठरवावयाचे आहे. तरीही घर बेकायदेशीर असू शकेल, तहान बेकायदेशीर नसते, एवढे त्यातून निष्पन्न झाले.

शहराच्या आरोग्याची देखरेख म्हणताना एका वर्गाचे आरोग्य हिशेबात धरलेच जात नाही. जे शहर साफ करतात त्यांचे. आपल्यातील किती घरांचा या कामाशी पिढ्यान्‌पिढ्यांचा संबंध आहे हे मी सांगावयास नको. 2013 च्या कायद्याने हाताने मैला साफ करण्याच्या कामावर माणसे नेमण्यास मनाई केली, आणि संरक्षक साधनांवाचून गटारात माणूस उतरविणे हाही गुन्हा ठरविला. मार्च 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारात मृत्यू आलेल्यांच्या वारसांना 10 लाख रुपये देण्यास सांगितले. ऑक्टोबर 2023 मध्ये ती रक्कम 30 लाख केली. असा प्रसंग घडला की ठेकेदार रात्रीतून घरी येतो, काही नोटा पुढे करतो आणि कोऱ्या कागदावर अंगठा मागतो. अंगठा देऊ नका. ठेकेदार नेमला म्हणून पालिकेची जबाबदारी संपत नाही. आणि आरोग्य समितीला असा प्रश्न विचारा की, गेल्या वर्षी किती सफाई कामगारांची वैद्यकीय तपासणी झाली व तिचा निष्कर्ष काय निघाला.

प्रश्न विचारावयास सभागृहच नसेल तर? हेही घडून गेले आहे. मुंबई महानगरपालिकेची मुदत 7 मार्च 2022 रोजी संपली आणि पुढे तीन वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. निवडणूक मुदतीपूर्वी घ्यावी असे घटनेत लिहिलेले असूनही सर्वोच्च न्यायालयाला मे 2025 मध्ये त्यासाठी आदेश द्यावा लागला. त्या काळात अंदाजपत्रक मांडणारा व मंजूर करणारा अधिकारी एकच होता. दवाखान्यात औषध नाही म्हणून कोणाचे दार ठोठवावे, हे वस्तीतील माणसाला सांगताना माझ्यासारख्या वकिलाचीही पंचाईत होत असे. नगरसेवक निष्काळजी असेल, पण पाच वर्षांनी तो मते मागावयास येतो. प्रशासकाची बदली होते.

तेव्हा आपण काय करावे? तोंडी तक्रार करू नका. अर्ज दोन प्रती करून द्या आणि एका प्रतीवर पोच घ्या. अर्जावर चाळीस सह्या असल्या तर उत्तम, पण चार बायकांच्या असल्या तरी चालतील. नळावर रांगेत त्याच उभ्या असतात. त्यांना तारखा व वेळा तोंडपाठ असतात, पुरुषांना नसतात. उत्तर न आल्यास 2005 च्या माहितीच्या अधिकाराखाली विचारा की, अमुक तारखेच्या अर्जावर काय कार्यवाही झाली, या दवाखान्यासाठी किती रक्कम मंजूर होती व किती खर्च झाली. 30 दिवसांत उत्तर मिळाले पाहिजे. न मिळाल्यास अपील करा. हे कागद हातात असले म्हणजे दंडाधिकाऱ्यापुढे उभे राहणे सोपे जाते. दिवाणी दावा करावयाचा असेल तर मात्र आधी पालिकेला नोटीस द्यावी लागते, आणि ते काम वकिलाकडून करून घ्या.

शेवटची एक गोष्ट मृत्यूच्या नोंदीची. कोणत्या विभागात कोणत्या रोगाने किती माणसे गेली, हे आरोग्य अधिकाऱ्याला मुख्यतः याच नोंदवहीतून समजते. घरी मृत्यू झाला, घाईने अंत्यविधी उरकला आणि कारणाच्या रकान्यात 'ताप' किंवा 'अशक्तपणा' एवढेच लिहिले गेले, तर वस्तीत क्षय किंवा कावीळ पसरली आहे हे समितीच्या टेबलावर कधी येतच नाही. नोंद 21 दिवसांच्या आत करावयाची असते. शेवटच्या आजारात ज्या डॉक्टरने उपचार केले असतील त्याने मृत्यूच्या कारणाचा दाखला फी न घेता दिला पाहिजे. तो मागून घ्या, त्यावर रोगाचे नाव स्पष्ट लिहिले आहे का ते पाहा, आणि त्याची एक प्रत घरी जपून ठेवा.