बाद फेरीतला गोलंदाज



मार्च १९४९ मध्ये आपल्या या पुण्यात रणजी करंडकाचा एक उपांत्य सामना झाला. मुंबई विरुद्ध महाराष्ट्र. मुंबईने ६५१ केल्या, आपण ४०७. मुंबईने दुसरा डाव ८ बाद ७१४ वर सोडला आणि आपण पुन्हा ६०४ केल्या. चार डावांत मिळून २३७६ धावा. प्रथम श्रेणीच्या एका सामन्यातला हा जागतिक विक्रम आजही अबाधित आहे. त्याच मोसमात, डिसेंबर १९४८ मध्ये, भाऊसाहेब निंबाळकरांनी पुण्यातच काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा काढल्या होत्या. हे आकडे आपण अभिमानाने सांगतो, सांगावेतच. पण त्या उपांत्य सामन्याचा निकाल काय लागला? चौथ्या डावात ६०४ करूनही महाराष्ट्र ३५४ धावांनी हरला. अशा खेळपट्टीवरही मुंबईच्या गोलंदाजांनी आपले दोन्ही डाव संपवले.

मला आज एवढंच मांडायचं आहे की बाद फेरीचा सामना शेवटी गोलंदाजाच्या हातात असतो, आणि आपण महाराष्ट्रातले रसिक त्याला त्याचं श्रेय देत नाही. रणजीत बाद फेरीचा सामना अनिर्णित राहिला तर पहिल्या डावाच्या आघाडीवर निकाल लागतो, मग फलंदाजच मोठा, असं कुणी म्हणेल. पण आघाडी घ्यायची तरी समोरच्यांचा डाव आधी गुंडाळावा लागतो. ते काम धावांचा डोंगर करत नाही.

या विषयावर बोलायचं तर मद्रासच्या चेपॉकवर झालेल्या १९७२-७३ च्या अंतिम सामन्यापाशी थांबावंच लागतं. मुंबईने त्याआधी सलग १४ वेळा करंडक जिंकला होता. समोर तमिळनाडू, त्यांच्याच मैदानावर, आणि त्यांच्याकडे वेंकटराघवन आणि व्ही. व्ही. कुमार हे दोन कसोटी फिरकी गोलंदाज. चेंडू पहिल्या दिवसापासून वळत होता. मुंबईचे दोन डाव १५१ आणि ११३ वर संपले. एरवी एवढ्या धावांत अंतिम सामना हरायचाच. तमिळनाडूचे डाव संपले ८० आणि ६१ वर. मुंबईचे फिरकी गोलंदाज पद्माकर शिवलकर यांचे आकडे होते पहिल्या डावात १६ धावांत ८ बळी, दुसऱ्यात १८ धावांत ५. सामन्यात ३४ धावांत १३. तिसऱ्या दिवसाच्या पहिल्याच चेंडूवर सामना संपला आणि मुंबईकडे सलग पंधरावा करंडक आला.

खेळपट्टी फिरकीची होती, मग त्यात काय मोठं, असं आजही म्हटलं जातं. मला हे पटत नाही. खेळपट्टी दोन्ही संघांना तीच होती. चेंडू फार वळतो तेव्हा गोलंदाजाची खरी परीक्षा असते, कारण हाव सुटते. प्रत्येक चेंडूवर बळी घ्यावासा वाटतो, हात घाईला येतो आणि टप्पा हलतो. शिवलकरांचा टप्पा हलत नसे. डावखुऱ्या हाताने, त्याच लयीत, पुन्हा पुन्हा त्याच जागी. फलंदाजाला पुढे यावं की मागे जावं हे ठरवू न देणारी ती जागा असते. उंची थोडी कमी, थोडी जास्त, एवढाच फरक. फलंदाज बाद होतो तो चेंडू स्कोअरबुकात दिसतो, त्याच्या आधीचे पाच दिसत नाहीत. सत्ता त्या पाच चेंडूंत असते.

आणि हा माणूस भारताकडून एकही कसोटी खेळला नाही. तसेच डावखुरे फिरकी गोलंदाज असलेल्या बिशनसिंग बेदींच्या काळात जन्मला एवढाच त्याचा दोष. प्रथम श्रेणीत ५८९ बळी, सरासरी वीसच्या आत. सुनील गावसकरांनी ‘आयडॉल्स’ या पुस्तकात ज्यांच्यावर लिहिलं, त्यांत जगभरच्या दिग्गजांच्या शेजारी शिवलकर आहेत आणि हरियाणाचे राजिंदर गोयलही आहेत. भारतीय क्रिकेट मंडळाने दोघांना सी. के. नायडू जीवनगौरव दिला तो २०१७ मध्ये. ३ मार्च २०२५ ला शिवलकर गेले. मला तेव्हा फार हळहळ वाटली, आणि ती अजून गेलेली नाही.

क्रिकेटमध्ये एक बंधन असं आहे की एका गोलंदाजाला लागोपाठ दोन षटकं टाकता येत नाहीत. म्हणून इथे एकट्याची हुकमत कधीच पुरी होत नाही. दुसऱ्या टोकाने कुणी चौकार देत राहिला तर या टोकाचा दबाव वाहून जातो. चेपॉकला दुसऱ्या डावात एकनाथ सोलकरनेही बळी घेतले, हे विसरू नये. बेसबॉलमध्ये हे बंधन नाही. तिथे पिचर डावामागून डाव एकटाच चेंडू टाकतो. २०१४ च्या वर्ल्ड सीरिजमध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या मॅडिसन बमगार्नरने पाचव्या सामन्यात ११७ चेंडू टाकून प्रतिस्पर्ध्यांना एकही धाव दिली नाही. मध्ये फक्त दोन दिवसांची विश्रांती घेऊन तो सातव्या, निर्णायक सामन्यात पुन्हा आला आणि पाच डाव एकही धाव न देता टाकले. संघ ३-२ ने जिंकला. थकलेल्या खांद्याने तोच अचूकपणा राखणं, हे मला कुठल्याही षटकारापेक्षा मोठं वाटतं.

बेसबॉलचा विषय निघाला म्हणून श्रीरामपूरच्या झहीर खानबद्दल बोलतो. ‘नकल बॉल’ हा मुळात बेसबॉलचा चेंडू. बोटांची पेरं मुडपून तो धरतात, त्यामुळे त्याला फिरकी जवळजवळ मिळतच नाही. झहीरने तो क्रिकेटचा संथ चेंडू म्हणून घोटवला. हाताचा वेग तोच, चेंडू मात्र उशिरा येतो. २०११ च्या विश्वचषकात, अहमदाबादच्या उपांत्यपूर्व सामन्यात, माईक हसीचा त्रिफळा त्याने या चेंडूवर उडवला. हाच झहीर २००३ च्या अंतिम सामन्यात पहिल्या षटकात १५ धावा देऊन बसला होता, सात षटकांत ६७. आठ वर्षांनी, २०११ च्या अंतिम सामन्यात, वानखेडेवर त्याचा पहिला हप्ता होता पाच षटकं, तीन निर्धाव, सहा धावा, एक बळी. पुढच्या पाच षटकांत त्याला ५४ धावा पडल्या हेही खरं. अंतिम सामन्यात गोलंदाजाची पकड किती वेळ टिकते, हे त्या दहा षटकांत दिसतं. पण श्रीलंकेचे फलंदाज सुरुवातीलाच मोकळे सुटले नाहीत, याचं मोल मी कमी मानत नाही.

आता आपल्या महाराष्ट्राकडे येतो. प्रा. दि. ब. देवधरांच्या नेतृत्वाखाली १९३९-४० आणि १९४०-४१ असे लागोपाठ दोन करंडक आपण जिंकले. त्यानंतर एकही नाही. १९७०-७१ ला अंतिम फेरीत मुंबईकडून ४८ धावांनी हरलो. मुंबईचे वाडेकर, सरदेसाई, गावसकर तेव्हा वेस्ट इंडीजमध्ये होते, तरीही हरलो. मग जानेवारी २०१४ उजाडला. उपांत्यपूर्व सामना वानखेडेवर, समोर गतविजेती मुंबई. पहिल्या डावात आपण १२२ धावांनी मागे. तिथून मुंबईचा दुसरा डाव १२९ वर संपला आणि आपण आठ गडी राखून जिंकलो. आज त्या सामन्याविषयी कुणालाही विचारा, केदार जाधव आणि विजय झोल यांची भागीदारी सांगतील. ती सुंदरच होती. पण मुंबईला १२९ वर कुणी रोखलं? समद फल्लाह, श्रीकांत मुंढे, अनुपम संकलेचा ही नावं किती जणांच्या ओठांवर येतात? पुढे इंदूरला उपांत्य सामन्यात फल्लाहने सात बळी घेऊन बंगालला ११४ वर गुंडाळलं आणि आपण अंतिम फेरीत पोहोचलो. तिथे कर्नाटकने हरवलं. पहिल्या डावात त्यांनी ५१५ केल्या आणि आपल्याला त्यांना रोखता आलं नाही.

म्हणून माझी एक विनंती आहे. या सभागृहात क्लब क्रिकेटमध्ये आयुष्य घालवलेली माणसं बसली आहेत. त्यांनी पाहिलेले महाराष्ट्राचे गोलंदाज, त्यांची चाल, टप्पा, बाद फेरीत टाकलेली त्यांची षटकं कुठेतरी लिहून ठेवावीत, कुणाला तरी सांगून उतरवून घ्यावीत. आणि पुढच्या मोसमात गहुंजेला रणजीचा सामना असेल तेव्हा आपण सर्वांनी सकाळच्या पहिल्या षटकापासून जाऊन बसावं.