कधी चालतो, कधी बंद पडतो



पूर्ण बंद पडलेलं यंत्र दुरुस्त करणं त्या मानानं सोपं. खरी परीक्षा पाहतं ते कधी चालणारं आणि कधी बंद पडणारं यंत्र. मेकॅनिककडे न्यावं तर तिथे गुणी लेकरासारखं वागतं आणि घरी आणलं की पुन्हा रुसून बसतं. माझा २००६ साली घेतलेला संगणक काही वर्षांपूर्वी एका हिवाळ्यात असंच वागू लागला. मी बी. ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. विजेचं ज्ञान शाळेत शिकलो तेवढंच. पण त्या तीन-चार आठवड्यांत जे शिकलो, ते जुना संगणक बाळगणाऱ्या कुणाच्याही उपयोगाचं आहे, म्हणून आज सांगतो.

मुलं म्हणाली, भंगारात द्या. ते शक्य नव्हतं. माझ्या एका दिवंगत कविमित्राच्या दीडशेच्या वर कविता त्या संगणकात होत्या. त्याच्या वह्या पावसात भिजून गेल्या होत्या. त्याआधी मी त्या टाइप करून ठेवल्या होत्या, एवढीच काय ती त्या कवितांची शिल्लक. आळसापोटी त्यांची दुसरी प्रत मी कधी काढली नव्हती.

पहिल्या मेकॅनिकनं रॅम बदलली. चार दिवस बरं चाललं, पाचव्या दिवशी पुन्हा तेच. दुसरा म्हणाला, ‘‘फॉरमॅट मारावं लागेल.’’ फॉरमॅट म्हणजे पाटी पुसणं. मी पिशवी उचलली आणि संगणक परत घरी आणला.

मग आमच्याच मोहल्ल्यात दुकान थाटलेल्या एका तरुणाला बोलावलं. त्यानं बटण दाबलं. नशिबानं संगणक सुरू झाला. त्यानं वायरी पाहिल्या, मागून येणारा वारा हातानं तपासला आणि म्हणाला, ‘‘चाचा, मशीन बीमार नहीं, भूखी है.’’ म्हणजे मेंदू शाबूत आहे, पोटाला नीट मिळत नाही. मग त्यानं विचारलं, कधी बंद पडतो? मी म्हणालो, कधी कधी. तो हसला. ‘कधी कधी’ म्हणजे कधी, तेच तर शोधायचं आहे, म्हणाला.

त्यानं दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, आत्ता चालू आहे तर दुरुस्तीचा विचार बाजूला ठेवा आणि आधी कविता बाहेर काढा. आम्ही त्या दोन वेगवेगळ्या पेन ड्राइव्हवर घेतल्या. त्या जुन्या मराठी फॉन्टमध्ये होत्या. नव्या संगणकावर तो फॉन्ट नसेल तर मराठीच्या जागी नुसती चित्रविचित्र चिन्हं दिसतात. म्हणून फॉन्टची फाइलही सोबत घेतली आणि कविता पुढे युनिकोडमध्ये करून घेतल्या. दुसरी गोष्ट, एक वही घाला. तारीख, वेळ, काय झालं. सुरूच झाला नाही, की चालता चालता बंद पडला? या दोन वेगळ्या तक्रारी आहेत, त्या एकाच ओळीत लिहू नका.

तीन आठवडे मी वही भरली. उलगडा त्या वहीनंच केला.

पहिल्या प्रकारच्या नोंदी सगळ्या सकाळच्या होत्या. थंडीत बटण दाबलं की पंखा क्षणभर फिरायचा आणि थांबायचा. चार-पाच वेळा दाबलं की सुरू व्हायचा. दुपारी एकदाही असं झालं नाही.

याचं कारण संगणकातल्या विजेच्या डब्यात होतं. त्याला एसएमपीएस म्हणतात. घरातली २३० व्होल्टची वीज घेऊन तो १२, ५ आणि ३.३ व्होल्टचा एकदिश प्रवाह देतो. हा प्रवाह एकसारखा ठेवायला आत कपॅसिटर असतात. टँकरवर जगणाऱ्या आपल्या बीडकरांना ते लगेच समजेल. टँकर थांबून थांबून येतो, पण रांजण भरलेला असला की घरात पाणी खंडत नाही. कपॅसिटर म्हणजे विजेचा रांजण. त्याच्या आतला द्रव उष्णतेनं वर्षानुवर्षं आटत जातो. ढोबळ हिशेब असा सांगतात की तापमान १० अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य निम्मं होतं. आपला उन्हाळा चाळिशीच्या वर, त्यात डब्यातली धूळ. शिवाय २००० सालाच्या आगेमागे निकृष्ट द्रवाचे कपॅसिटर जगभरच्या संगणकांत गेले आणि लाखो यंत्रं अकाली बिघडली. आटलेला कपॅसिटर थंडीत अधिकच कुचकामी होतो. चार वेळा वीज खेळली, थोडी ऊब आली की काम करू लागतो. सकाळचं कोडं सुटलं. मदरबोर्डवरही तीन कपॅसिटर माथ्यावर फुगलेले निघाले. ते नेहमी सपाट असायला हवेत.

दुसऱ्या प्रकारच्या नोंदी चालता चालता बंद पडल्याच्या. त्यांना मात्र वेळेचा काही मेळ बसेना. कधी सकाळी सहा, कधी रात्री नऊ. ते कोडं बायकोनं सोडवलं. वही चाळताना ती म्हणाली, ‘‘अहो, हे तर नळाचे दिवस!’’ आमच्या गल्लीत नळाला रोज पाणी येत नाही. येतं तेव्हा घरोघरच्या मोटारी एकदम सुरू होतात आणि व्होल्टेज खाली बसतं. अशा वेळी यूपीएसनं बॅटरीवर सांभाळून घ्यायचं असतं. पण त्याची बॅटरी केव्हाच संपली होती. अशी बॅटरी साधारण तीन ते पाच वर्षं टिकते. वीज दबली की यूपीएस बॅटरीवर जायचा आणि बॅटरी मान टाकायची. पाणी अनियमित, म्हणून बिघाडही अनियमित वाटत होता.

म्हणजे दुखणी दोन होती. आम्ही त्याला एकच समजत होतो, म्हणून एक गोष्ट बदलली की गुण आल्यासारखा वाटायचा आणि पुन्हा निराशा व्हायची.

बिघाड एका जागी आणि अंधार दुसऱ्या जागी, हे आपल्या जिल्ह्यानं मोठ्या प्रमाणावर पाहिलं आहे. फेब्रुवारी २०१३ मध्ये परळीचं औष्णिक वीज केंद्र बंद ठेवावं लागलं, ते दुष्काळात पाणी नव्हतं म्हणून. कोळशावर चालणारं केंद्रही पाण्यावाचून चालत नाही. बटण दाबून दिवा लागला नाही तर त्याचं मूळ कधी कधी आटलेल्या बंधाऱ्यात असतं. माझ्या संगणकाचं मूळ नळाच्या वेळापत्रकात निघालं.

शोध घ्यायचा तो क्रमानं. भिंतीतला सॉकेट सैल आहे का, वायर हलवल्यावर फरक पडतो का, यूपीएस वगळून थेट जोडल्यावर काय होतं, असं एकेक पाहत आत जायचं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काही दिवस थांबायचं. तारीख मागे जात असेल तर मदरबोर्डवरचा तीन व्होल्टचा नाण्याएवढा सेल बदलायचा. संगणकाच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर अर्थिंग तपासून घ्यायचं. आपल्याकडे उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, त्यालाही पाणी लागतं. विजेचा डबा मात्र घरी कुणीही उघडू नये. आत सुमारे ३२५ व्होल्ट खेळत असतात आणि प्लग काढल्यावरही काही काळ धोका राहतो.

आम्ही विजेचा डबा नवा घेतला, यूपीएसची बॅटरी बदलली. मदरबोर्डवरचे तीन कपॅसिटर एका जुन्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्या कारागिरानं डाख लावून बसवून दिले. त्याच्यासाठी ते नवं नव्हतं. रेडिओतही तेच असतात, म्हणाला.

संगणक चालू लागला. आणि समजा चालला नसता तरी हार्ड डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडता येते, हेही त्या तरुणानं दाखवलं. फॉरमॅट हा पहिला उपाय कधीच नव्हता.

मित्राच्या कविता आता त्याच्या मुलीकडेही आहेत. ती प्रत मी सकाळी थंडीत, पाचव्यांदा बटण दाबल्यावर देऊ शकलो असतो किंवा कधीच नाही. तुमच्या घरातही असा एखादा संगणक असेल. तो आज सुरू झाला, तर नवं काम उघडण्याआधी जुनं काम बाहेर काढून घ्या.