दशांशचिन्हाच्या उजवीकडील घर

रुपयाचे शंभर पैसे झाले ते १ एप्रिल १९५७ या दिवशी. त्याच्या आदल्या वर्षी, १९५६ साली, संसदेने वजने व मापे यांचा कायदा करून गज, फूट आणि इंच यांची जागा मीटरला देण्याचे ठरविले होते. गजाने कापड मागणारे गिऱ्हाईक आता विरळच. परंतु मीटर हाती आला म्हणून दशांशही अंगवळणी पडला, असे मात्र म्हणता येत नाही.

कापडाच्या दुकानात एक मीटर पाच सेंटिमीटर कापड मोजले जाते आणि चिठ्ठीवर १.५ असा आकडा पडतो. लिहिणाऱ्याच्या मनात पाच सेंटिमीटर असतात. वाचणारा शिंपी मात्र त्याचा अर्थ दीड मीटर असा घेतो, आणि तो घेतो तोच अर्थ बरोबर असतो. फरक पंचेचाळीस सेंटिमीटरांचा, म्हणजे जवळजवळ एक हाताचा. दोन मीटर पाच सेंटिमीटर उंचीची चौकट २.५ अशी लिहून सुताराकडे धाडली, तर तयार चौकट भिंतीतल्या जागेत मावायची नाही. लाकूड वाया, मजुरीही वाया.

ही चूक अडाणीपणाची नव्हे. तिला कारण आहे. दशांशचिन्हाच्या उजवीकडील पहिले घर दशांशाचे, दुसरे शतांशाचे, तिसरे सहस्रांशाचे. मीटरचा शतांश तो सेंटिमीटर आणि सहस्रांश तो मिलिमीटर. ही दोन्ही नावे बाजारात रुळली. पहिल्या घराचा धनी डेसिमीटर मात्र शाळेच्या कोष्टकातून बाहेर पडलाच नाही. दहा सेंटिमीटरांचे हे माप कोणी मागत नाही, कोणी देत नाही. लोक मीटरवरून एकदम सेंटिमीटरवर उडी घेतात आणि मधले घर विसरतात. पण त्या घरात राहणारा कोणी नसला तरी घर मोडत नाही; तेथे शून्य बसवावेच लागते. म्हणून एक मीटर पाच सेंटिमीटर म्हणजे १.०५, आणि एक मीटर पन्नास सेंटिमीटर म्हणजे १.५०. याच कारणाने १.३ हे १.२५ पेक्षा मोठे ठरते. तीन ही संख्या पंचविसापेक्षा लहान खरी. परंतु येथे तीन डेसिमीटरांची गाठ दोन डेसिमीटर पाच सेंटिमीटरांशी आहे.

जुनी सवयही आड येते. पाच फूट दहा इंच उंची पुष्कळ लोक ५.१० अशी लिहितात. तेथील टिंब हे दशांशचिन्ह नव्हेच. फूट आणि इंच यांच्यामधली ती केवळ खूण आहे. दशांश म्हणून वाचले तर ५.१० आणि ५.१ यांत भेद नाही, आणि त्या उंच माणसाची उंची पाच फूट सव्वा इंचाहूनही किंचित कमी भरते!

मग शेवटचे शून्य निरुपयोगी काय? किमतीच्या दृष्टीने होय, मापाच्या दृष्टीने नाही. १.५ मीटर म्हणणाऱ्याने डेसिमीटरपर्यंतच मोजल्याची शक्यता असते, १.५० म्हणणारा सेंटिमीटरपर्यंत मोजल्याची ग्वाही देतो.

मराठी माणसाला अपूर्णांक नवे नव्हते. पावकी, निमकी, दिडकी, औटकी तोंडपाठ करणाऱ्या पिढ्या येथे होऊन गेल्या. पाव मीटर ०.२५, पाऊण मीटर ०.७५, सव्वा मीटर १.२५: हे जुने शब्द दशांशात सुखाने नांदतात. अडते ते तिसऱ्या हिश्शापाशी. गजाचा तिसरा हिस्सा नेमका एक फूट, फुटाचा तिसरा हिस्सा नेमके चार इंच. बाराच्या पटीची ही सोय नव्या मापांनी हिरावली, हे कबूल केले पाहिजे. मीटरचे तीन सारखे भाग केले तर ०.३३३ पुढे तीनच येत राहतात. तेहतीस सेंटिमीटर तीन मिलिमीटरांचे तीन तुकडे केल्यावर एक मिलिमीटर उरतो, आणि तेवढा तर कात्रीच्या पात्याखालीच हरवतो.

इमारतींच्या नकाशांवर लांबी सामान्यतः मिलिमीटरांत लिहितात. तेथे १.०५ मीटरचे १०५० होतात, आणि टिंब पुसले जाण्याची किंवा शून्य गळण्याची भीती पुष्कळशी कमी होते. कापड मात्र कोणी मिलिमीटरांनी मागत नाही. तेथे ते मधले शून्य लिहावेच लागते.