मंदीतली सवलत कोणाच्या कामाची?

2008 साली अमेरिकेतल्या बँका कोसळल्या आणि त्याची झळ जगभरच्या कारखान्यांना लागली. डिसेंबरात केंद्र सरकारने मदतीचं पॅकेज आणलं आणि त्यात उत्पादन शुल्काचा सर्वसाधारण दर 14 वरून 10 टक्क्यांवर आणला. पण ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या किंवा डोंबिवली एमआयडीसीतल्या छोट्या वर्कशॉपला त्याचा थेट उपयोग किती? वर्षाला दीड कोटीपर्यंतच्या उलाढालीवर लघुउद्योगांना हे शुल्क आधीच माफ होतं! त्यांचं दुखणं वेगळं: मोठा ग्राहक बिल थकवतो आणि बँक तारण मागते. म्हणून त्याच पॅकेजमधली दुसरी तरतूद मला जास्त मोलाची वाटते. विनातारण कर्जाच्या हमीची मर्यादा तेव्हा 50 लाखांवरून 1 कोटी झाली. लघुउद्योजकांनो, ही हमी योजना बंद झालेली नाही. बँकेत तिची चौकशी जरूर करा.