पत्ता नसलेल्या मुलाचे पालक

(हेमंत व्याख्यानमालेतील व्याख्यान, ध्वनिमुद्रणावरून)



१९८९ साली डेव्हिड मेडमेंट नावाचे एक इंग्रज गृहस्थ कामानिमित्त मुंबईत आले होते. ब्रिटिश रेल्वेत वरच्या हुद्द्यावर, सुरक्षेचं धोरण पाहणारे. चर्चगेट स्टेशनात त्यांना एक लहान मुलगी दिसली. ती भीक मागत होती आणि मागताना स्वतःच्याच अंगावर चाबूक ओढत होती. इथं बसलेल्यांना यात फारसं नवल वाटणार नाही. पोतराज आपण पाहिलेत, कडकलक्ष्मी दारावर आलेली पाहिली आहे. आसुडाचा आवाज आला की आतून कुणीतरी पसाभर धान्य घेऊन बाहेर यायचं. आपली नजर आधी त्या आसुडाकडे जाते, देवीकडे जाते आणि मग, उरलीच तर, मुलाकडे. मेडमेंटना देवी ठाऊक नव्हती.

ते परत गेले, पण ती मुलगी डोक्यातून गेली नाही. ॲम्नेस्टी या मानवी हक्क संघटनेच्या ब्रिटनमधल्या शाखेत, मुलांविषयीच्या गटात ते काम करू लागले. रस्त्यावरच्या मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थांचा एक संघ १९९३मध्ये उभा राहिला, त्याच्या उभारणीत त्यांचा हात होता. आणि १९९५ साली त्यांनी ‘रेल्वे चिल्ड्रन’ ही संस्था काढली. नाव ई. नेस्बिट यांच्या १९०६च्या कादंबरीवरून घेतलेलं. त्यातली मुलं रुळांशेजारच्या घरात राहून वडिलांची वाट पाहतात. आमच्या फलाटांवरच्या बऱ्याच पोरांची तऱ्हा उलटी, ती बापापासूनच पळालेली असतात.

संस्थेचं बिऱ्हाड चेशायरमधल्या सँडबाख नावाच्या छोट्या गावात. पैसा मुख्यतः रेल्वेवाल्यांकडून. रेल्वे कंपन्यांचे लोक एकत्र येऊन आगगाडीनं वेल्स, इंग्लंड आणि स्कॉटलंड गाठतात, तिथली सर्वांत उंच तीन शिखरं एका दमात चढून येतात आणि त्यासाठी ओळखीपाळखीच्यांकडून वर्गणी गोळा करतात. आपल्याकडे कारखान्यातली मंडळी गणपतीची वर्गणी काढतात तितक्या सहजपणे.

मला आज बोलायचंय ते या पैशाच्या पुढच्या प्रवासाबद्दल. मी पेशानं हिशेबतपासनीस. सेवाभावी संस्थांच्या वह्या तपासण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. त्यामुळे करुणेविषयी मी बोलू नये. व्हाउचरविषयी बोलतो.

दूरदेशीच्या मुलाला मदत करायची सर्वांत लोकप्रिय रीत म्हणजे एक देणगीदार, एक मूल. दरमहा ठरावीक रक्कम. बदल्यात मुलाचा फोटो, वर्षातून एकदोन पत्रं आणि शाळेचं प्रगतिपुस्तक. ही रीत रुजली ती युद्धातून. १९३७ साली स्पेनमधल्या यादवीत जॉन लँगडन-डेव्हिस या ब्रिटिश पत्रकाराला होसे नावाचा मुलगा भेटला, खिशात बापाची चिठ्ठी. शहर पडलं की मला गोळी घालतील, याला सांभाळा, अशा अर्थाची. लँगडन-डेव्हिसनी मायदेशी लोकांना सांगितलं, एकेका मुलाचे दुरून पालक व्हा. आजची ‘प्लॅन इंटरनॅशनल’ त्यातूनच आली. पुढं कोरियातल्या युद्धानंतर १९५०च्या दशकात अमेरिकी चर्चच्या मंडळींनी हीच पद्धत जगभर पसरवली.

तिची टिंगल करणं सोपं आहे. मी करणार नाही, कारण आकडे तिच्या बाजूनं आहेत. ब्रूस वायडिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली ‘जर्नल ऑफ पोलिटिकल इकॉनॉमी’त एक अभ्यास प्रसिद्ध केला. ‘कम्पॅशन’ या संस्थेची सहा देशांतली मुलं, त्यांत भारतातलीही, मोठी झाल्यावर शोधून काढली. प्रायोजक मिळालेली मुलं बाकीच्यांपेक्षा सरासरी एक ते दीड वर्ष जास्त शिकली होती. गरिबाच्या घरात दीड वर्ष म्हणजे आठवीत शाळा सुटणं आणि दहावीच्या उंबरठ्यावर पोचणं यातलं अंतर.

पण अशी मुलं सापडतात कशी, तर त्यांना पत्ता असतो. गाव आहे, शाळा आहे, आई जागेवर आहे. पत्र पोचतं, फोटो निघतो. रस्त्यावरच्या मुलाची पहिली ओळखच ही की त्याला पत्ता नाही. आज दादरला, उद्या कल्याणला, परवा सुरतेच्या गाडीत. त्याच्या नावानं लीड्सच्या आजीबाईंकडून दरमहा पैसे घ्यायचे, तर डिसेंबरात त्याचा फोटो पाठवावा लागतो, म्हणजे डिसेंबरात तो हाताशी असावा लागतो. म्हणजे तो संस्थेतच राहिलेला बरा. इथं हिशेब वाकडा व्हायला लागतो. मूल घरी परतलं की संस्थेचं उत्पन्न घटतं! कुणी हे मनात धरून वागतं असं मी म्हणत नाही. वही तसं वागायला लावते. कंबोडियात अनाथाश्रमांतल्या मुलांची पाहणी झाली तेव्हा चारांपैकी जवळजवळ तिघांचे आई किंवा वडील हयात निघाले. तिथं परदेशी पाहुणे आणि परदेशी पैसा दोन्ही भरपूर होते.

मी एका संस्थेच्या ऑफिसात, गाव सांगत नाही, देणगीदारांना जाणाऱ्या पत्रांचा गठ्ठा पाहिला आहे. पाकिटं नीट लावलेली, प्रत्येकावर मुलाचा क्रमांक. वरची पाचसहा मी चाळली. मुलांची नावं वेगळी, अक्षर एकच. प्रत्येकात घर, घरामागं दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य आणि खाली ‘मी मजेत आहे, तुमची आठवण येते’. मी लेखनिक बाईंना विचारलं. त्या जराही न बिचकता म्हणाल्या, “साहेब, पोरगं दिवाळीपासून गायब आहे. आता तिकडच्या म्हातारीला काय कळवू? तिचा जीव तुटेल.” बाई खोट्या नव्हत्या. तिथून पैसे येत राहावेत, त्यातून उरलेल्या पोरांना जेवण मिळावं, हाच त्यांचा हेतू. पण सहीखाली माझी मोहोर होती, म्हणून मी शेरा लिहिला आणि पुढच्या वर्षी त्या संस्थेनं दुसरा तपासनीस नेमला.

असले प्रकार फक्त आपल्याकडचे, असं समजू नका. १९९८ साली ‘शिकागो ट्रिब्यून’च्या बातमीदारांनी स्वतः पैसे भरून बारा मुलं ‘घेतली’ आणि मग त्यांना शोधायला निघाले. मालीतली एक मुलगी वीज पडून केव्हाच गेली होती. पैसे जातच होते.

मेडमेंटच्या संस्थेनं ‘एक देणगीदार, एक मूल’ हा मार्ग धरला नाही, आणि माझ्या मते त्यामागं रेल्वेतल्या माणसाची बुद्धी असावी. सुरक्षा खात्यात मुरलेला माणूस अपघात झाल्यावरची मदत मोजत नाही, तो कुठं थांबवता आला असता ते पाहतो. त्यांनी ठरवलं, मूल रस्त्यावर रुळायच्या आत गाठायचं. त्यासाठी लंडनहून माणसं पाठवायची नाहीत, ज्या त्या शहरातल्या संस्थांना हाताशी धरायचं. आपल्याकडे अशी माणसं उभी राहत होतीच. ‘सलाम बॉम्बे!’ चित्रपटानंतर १९८८ साली सलाम बालक ट्रस्ट निघाला. १९९६मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेत जेरू बिलिमोरिया यांनी १०९८ या फोन क्रमांकाची चाइल्डलाइन सुरू केली. रायचूरहून सुरू झालेली ‘साथी’, आपल्या ठाण्याची ‘समतोल’ यांनी तर मुलाला घरी परत नेणं हेच मुख्य काम मानलं. रेल्वे चिल्ड्रन पुढं टांझानियात गेली, म्वान्झासारख्या शहरात, जिथं मुलं रुळांवरून नाही तर बसनं येतात. आणि हे महत्त्वाचं: ती ब्रिटनमध्येही काम करते. घर सोडून पळणारं मूल ही काही आपलीच मिरासदारी नाही.

आता फलाटावर चला. पहाटे पाचची वेळ, लांब पल्ल्याची गाडी लागलेली. गर्दी ओसरते तेव्हा एक दहाबारा वर्षांचा मुलगा पाण्याच्या नळापाशी उरतो. सराईत पोरांपेक्षा हा वेगळा कसा ओळखायचा? पायांत चप्पल आहे, तीही जोडीची. शर्टाची बटणं सगळी आहेत. इंडिकेटरकडे पाहतो पण वाचत नाही. मध्येच एखाद्या कुटुंबाच्या मागं चालायला लागतो, जिन्यापाशी थांबतो, परत येतो. संस्थेची ताई त्याच्याकडे सरळ जात नाही. बाकावर शेजारी बसते, वडापाव सोडते, अर्धा पुढं करते. नाव विचारलं तर तो ‘राजू’ सांगणार. तिला ठाऊक असतं की हा राजू नाही. ती गावही विचारत नाही. पोळ्याला तुमच्याकडे बैलांच्या शिंगांना कोणता रंग लावतात, असलं काहीतरी विचारते. पोरगं खुलतं, बोली निसटते. “आमच्याकडं तर बेगड लावत्यात.” चला, निदान बाजू कळली. मग शाळेच्या हेडमास्तरांचं टोपणनाव, बाजाराचा वार, नदीवरचा पूल. दुपारपर्यंत तालुका सापडतो. बाल न्याय कायद्याप्रमाणे चोवीस तासांत मुलाला बालकल्याण समितीपुढं उभं करावंच लागतं.

ताईनं उशीर केला तर? संध्याकाळपर्यंत एखादा ‘दादा’ वडापाव घेऊन बसतो. तो पूर्ण देतो, अर्धा नाही. आठवड्यात पोरगं पाण्याच्या रिकाम्या बाटल्या गोळा करून भंगारवाल्याला घालायला लागतं, महिन्यात रुमालात सोल्युशन हुंगायला. मग त्याला घरी न्यायला महिने लागतात, कधी नेता येतच नाही.

आता सांगा, या पहाटेचा फोटो कुणाला पाठवणार? त्या मुलाचं पत्र कोण लिहिणार? काम चोख झालं, तर आठ-पंधरा दिवसांत तो संस्थेच्या यादीतून नाहीसा होतो. व्हाउचरवर काय उरतं? ताईचा पगार, तिचा मोबाइल, लातूरपर्यंतचं दोन माणसांचं तिकीट. देणगीदाराला असला खर्च आवडत नाही. “पगारावरच एवढे पैसे?” हा प्रश्न मी आयुष्यभर ऐकत आलो. अहो, फलाटावर ताई हेच काम आहे.

आपल्या जुन्या माणसांना एक रीत माहीत होती, ती इथं आठवते. वार लावून जेवणं. शिकायला आलेला गरीब मुलगा सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी जेवायचा. सात घरांनी मिळून एक मुलगा वाढवायचा आणि तो कुणा एकाचा नसायचा. त्यात लाजही होती. वाढणाऱ्या हाताचा तोरा वार लावून शिकलेल्यांनी आत्मचरित्रांत लिहिलेला आहे. म्हणून तर १९०९ साली पुण्यात अनाथ विद्यार्थी गृह उभं राहिलं. तरी, मदत वाटून घ्यायची, मूल वाटून घ्यायचं नाही, एवढं त्या रीतीत बरोबर होतं.

अमेरिकेत स्थायिक झालेले आपले लोक इकडच्या मुलांचा खर्च उचलतात, ते चांगलंच आहे. शाळेत जाणाऱ्या, पत्ता असलेल्या मुलासाठी खुशाल उचला. मात्र परदेशी पैशासाठी सरकारची दारं अलीकडे अरुंद झालीत. ‘कम्पॅशन’नं २०१७ साली भारतातलं काम गुंडाळलं, जवळपास दीड लाख मुलांचे दूरचे पालक एका झटक्यात तुटले. परदेशी निधीच्या कायद्यात २०२० साली दुरुस्ती झाली. कार्यालयीन खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आली, आणि एका संस्थेनं घेतलेला परदेशी पैसा दुसरीला द्यायला बंदी झाली. पूर्वी मोठी संस्था दिल्लीत पैसा घ्यायची आणि मनमाड-भुसावळच्या छोट्या गटाला पोचवायची. ती वाट बंद. गैरव्यवहार थांबवायला काही नियम हवेत, हे मी हिशेबनीस म्हणूनच मान्य करतो. पण या नियमानं मोठ्या चोरांपेक्षा फलाटावरच्या ताईला जास्त त्रास झाला, हेही नोंदवतो.

दुसऱ्या बाजूनं रेल्वे स्वतः हलली आहे. उच्च न्यायालयात दाद मागितल्यानंतर २०१५मध्ये स्टेशनांवरच्या मुलांसाठी रेल्वेनं कार्यपद्धती घालून दिली. रेल्वे सुरक्षा दलाच्या ‘नन्हे फरिश्ते’ मोहिमेत २०१८पासून सुमारे सात वर्षांत ८४,११९ मुलं हेरून ताब्यात घेतल्याचं सरकार सांगतं. आकडा मोठा आहे. माझ्यासारख्याला पुढचा रकाना पाहावासा वाटतो, त्यांतली घरी किती पोचली आणि सहा महिन्यांनी घरीच किती होती. कारण बाप तोच, पट्टा तोच असेल, तर पोरगं पुढची गाडी पकडतं. परत नेऊन सोडल्यावर महिन्यानं गावी जाऊन येणं, शाळेत पुन्हा नाव घातलंय ना हे बघणं, दारुड्या बापाशी चहा पीत तास काढणं, याचं एसटीचं तिकीट कोणत्याही मोहिमेत बसत नाही. तिथं आजही लहान संस्थाच लागते आणि तिला बाहेरचा पैसा लागतो, मग तो सँडबाखचा असो की सातारचा.

मध्यंतरात एका बाईंनी चिठ्ठी पाठवली आहे: “मी दरमहा हजार रुपये देऊ शकते, पण मला मूल दिसायला हवं. मी काय करू?” बाई, तुमची इच्छा वावगी नाही. जवळच्या जिल्हा परिषद शाळेत जा, मुख्याध्यापकांना भेटा, तुम्हाला मूल दिसेल आणि दहावीपर्यंत दिसत राहील. फलाटासाठी द्यायचे असतील तर संस्थेला एवढंच विचारा: गेल्या वर्षी घरी नेलेल्या मुलांना पुन्हा भेटायला कोण गेलं, आणि त्या माणसाचा पगार वेळेवर होतो का? उत्तर देताना समोरच्यानं वही उघडली, तर देणगीच्या पावतीवर ‘पगारासाठी’ असं लिहून घ्या.