जुनी मोटार आणि मालकाचा हात

प्रीमियर पद्मिनी आज कोणालाही नवी मिळणार नाही. १९६४ च्या सुमारास ‘फियाट डिलाइट’ या नावाने मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात जी तयार होऊ लागली, तिचे उत्पादन या शतकाच्या आरंभी थांबले. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या टॅक्सींतूनही ती निवृत्त झाली. तरीही बोरगावसारख्या सीमेवरच्या गावी अशी एखादी गाडी थोडक्या पैशांत हाती आली, तर ती चालती ठेवणे अशक्य नाही. एका अंगाला कोल्हापूरचे उद्यमनगर, दुसऱ्या अंगाला बेळगावचे उद्यमबाग. लेथवर बुश कातून देणारा कारागीर तिथे भेटतो. उणीव असते ती मालकाच्या हाताची. किरकोळ कामासाठी दर वेळी मिस्त्रीच्या दारी उभे राहणाऱ्याला स्वस्त गाडी फार महाग पडते.

आरंभ डायनामोपासून करावा. दिवे मंद झाले की दोष बॅटरीला दिला जातो; पुष्कळदा झिजलेले असतात ते कार्बनचे ब्रश. ते बदलताना कम्युटेटरचे काळवंडलेले तांबे बारीक काचपेपराने हलकेच घासावे. एमरीचा कागद टाळावा, कारण त्याचे कण तांब्यात रुततात. कार्बुरेटरचा जेट पेट्रोलने धुऊन फुंकावा. त्यात तार घालणारे मिस्त्रीही आढळतात! भोक किंचित मोठे होते आणि पेट्रोलचा खर्च वाढतो.

ब्रेकची गोष्ट निराळी. तिथे चूक झाली तर घाटात जीव जाईल. चाकातील सिलिंडर उघडून रबरी कप बदलणे अवघड नाही. पण भाग धुण्यास रॉकेल, पेट्रोल वा इंजिनचे तेल चालत नाही, त्याने रबर फुगते. ब्रेक ऑइलनेच धुवावे. सिलिंडरच्या आत गंजाचे खड्डे दिसले, तर नवा कप बसवण्याचा मोह आवरावा व सिलिंडरच बदलावा. जोडणी झाल्यावर एकाने पेडल दाबावे, दुसऱ्याने निपल सैल करावे, आणि पेडल वर सोडण्यापूर्वी ते पुन्हा आवळावे. बुडबुडे थांबेपर्यंत हेच करीत राहावे. टाकीतील तेल मधेच संपले तर हवा पुन्हा शिरते व सारे पहिल्यापासून.

पेडल घट्ट लागले तरी निपाणीचा बाजार लगेच गाठू नये. गावाबाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर सावकाश वेगात चार-सहा वेळा ब्रेक लावावा, आणि परतल्यावर चाकांच्या आतल्या बाजूस बोट फिरवून ओल लागते का ते पाहावे.